वापरात राहील ती वास्तू टिकेल

उल्हासनगरात कोणाचा पत्ता लिहून घेतला की रस्त्याच्या नावाआधी बहुतेक वेळा आकडेच येतात: बीके नंबर अमुक, सेक्शन अमुक, कॅम्प अमुक. बीके म्हणजे बराक. दुकानांच्या पाट्यांवर, बिलांवर, लग्नपत्रिकांवर हे क्रमांक आजही छापले जातात. पत्त्यातली बराक मात्र अनेक ठिकाणी जागेवर नसते, तिथे चार-पाच मजल्यांची इमारत उभी असते. शहराने आपल्या मूळ वास्तू पाडल्या, पण त्यांचे क्रमांक सोडले नाहीत, कारण मालकी, टपाल आणि माणसांची ओळख त्या क्रमांकांवरच उभी राहिली. ऐतिहासिक वास्तूंचे जतन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला, लेणे, वाडा किंवा देऊळ येते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात तसे एक देऊळ आहे आणि ते फार मोठ्या तोलाचे आहे. पण जुन्या वास्तूला नवे काम देऊन ती जगवणे हा विषय घेतला, तर याच पट्ट्यातल्या बराकींइतके ठळक उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. तरीही वारसा म्हणून त्यांची गणना सहसा कोणी करत नाही. माझे म्हणणे साधे आहे. वास्तू वापरामुळे टिकते. वापर थांबला की ती ढासळते आणि न झेपणारा वापर लादला तरी ढासळते. म्हणून जतनाचा विचार करताना वास्तू किती जुनी, किती देखणी हे पाहण्याआधी तिने काय काम केले आणि आता तिला कोणते काम झेपेल, हे पाहायला हवे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या माळावर लष्कराचा तळ उभा राहिला. कल्याण कॅम्प या नावाने तो ओळखला जाई. तिथे २,१२६ बराकी होत्या, शिवाय अधिकारी आणि कर्मचारी यांची निवासस्थाने. बहुतेक बराकींचा आराखडा एकच होता: मधोमध मोठे दालन आणि दोन्ही टोकांना जोडलेल्या खोल्या. बांधकाम बैठे, लांबट, उतरत्या छपराचे. युद्ध संपले, सैन्य गेले आणि तळ ओस पडला. पाठोपाठ फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या जवळपास एक लाख निर्वासितांना इथे आणून उतरवण्यात आले. सैनिकांनी रांगेत झोपायचे ते दालन आता अनेक कुटुंबांत वाटले गेले. गोणपाटाचे पडदे लावून एकाच छपराखाली वेगवेगळे संसार मांडले गेले. पुढे पडद्यांच्या जागी भिंती आल्या, दाराबाहेर ओटे आले, ओट्यांवर दुकाने आली. बराकींतच शाळा भरल्या, दवाखाने चालले, सिंधी धार्मिक दरबार भरले, शिलाईची यंत्रे सुरू झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. कोणत्याही वास्तुविशारदाने आराखडा काढलेला नसताना, निधीची मोठी घोषणा नसताना, युद्धासाठी बांधलेल्या इमारती माणसांनी राहण्यासाठी, कमावण्यासाठी आणि उभे राहण्यासाठी बदलून घेतल्या. ज्याला आज आपण पुनर्वापर म्हणतो ते इथे एका पिढीने गरजेपोटी आणि जिद्दीने करून दाखवले.

या विषयाचे जगभर मान्य झालेले काही संकेत आहेत. १९६४ च्या व्हेनिस सनदेने असे मांडले की स्मारकाला समाजोपयोगी काम दिल्याने त्याचे जतन सोपे होते, मात्र त्या कामासाठी इमारतीची मांडणी किंवा तिची शोभा बिघडता कामा नये. आपल्याकडे याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ साली खुले झालेले हे संग्रहालय काळाच्या ओघात जीर्ण झाले होते. २००३ मध्ये मुंबई महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले, दुरुस्ती झाली आणि २००८ मध्ये ते पुन्हा लोकांसाठी उघडले. त्याआधीच, २००५ मध्ये, युनेस्कोने या कामाला आशिया-प्रशांत विभागातला सर्वोच्च पुरस्कार दिला होता. गिरगावचे रॉयल ऑपेरा हाउस १९९३ मध्ये बंद पडले आणि दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले. दोन्ही ठिकाणी इमारतीला तिचेच मूळ काम परत मिळाले. तिथे विजेच्या तारा, वातानुकूलन, स्वच्छतागृहे, आगीपासून संरक्षण अशी आजची सोय करावी लागली, पण ती बसवताना जुन्या बांधणीला धक्का लागू दिला नाही. चांगल्या पुनर्वापराची कसोटी हीच आहे: नवी सोय उद्या काढून टाकली तर खालची मूळ वास्तू जशीच्या तशी मिळाली पाहिजे.

भाऊ दाजींचे नाव अंबरनाथशीही जोडलेले आहे. वालधुनी नदीच्या काठी उभ्या असलेल्या शिवमंदिरातला शिलालेख त्यांनी अभ्यासला होता. त्यातल्या शकाच्या आकड्याचे वाचन पुढे दुरुस्त झाले आणि शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हे साल स्थिर झाले. शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळातले हे मंदिर भूमिज शैलीचे आहे. या शैलीत शिखराच्या चारही बाजूंनी वर जाणारे कोरीव पट्टे असतात आणि त्यांच्यामध्ये लहान लहान शिखरांच्या प्रतिकृतींच्या ओळी रचलेल्या असतात. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर त्याच घडणीचे. अंबरनाथच्या सभामंडपातून गाभाऱ्यात जायचे तर सुमारे वीस पायऱ्या खाली उतरावे लागते आणि खाली उभे राहून वर पाहिले तर गाभाऱ्यावर छप्पर नाही, थेट आकाश दिसते. बाहेरच्या भिंती कोनाकोनांनी पुढे-मागे होत जातात, त्यामुळे उन्हाचा कोन बदलला की काळ्या पाषाणातली शिल्पे दिवसभर वेगवेगळी उठून दिसतात. १८६८ मध्ये सरकारने मुंबईच्या कला विद्यालयाकडून या मंदिराची रेखाचित्रे काढून घेतली आणि कोरीवकामाचे साचे घेतले. झिजलेल्या भागाचे मूळ रूप पारखायला अभ्यासकांना अशाच नोंदी उपयोगी पडतात. वारशाची पहिली दुरुस्ती कागदावर होते, हा या कामाचा धडा आहे.

या मंदिराला नव्या कामाची गरज नाही. साडेनऊशे वर्षांनंतरही तिथे पूजा होते आणि महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. प्रश्न आहे तो आजूबाजूचा. वालधुनी अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या कारखान्यांचे, वस्त्यांचे सांडपाणी घेऊन वाहते. देवळाच्या पायाशी असलेले पाणी काळे आणि उग्र वासाचे झाले, तर देवळाचे जतन अर्धेच राहते, कारण हे मंदिर नदीकाठासाठीच रचलेले आहे. अलीकडच्या काळात राज्य शासनाने परिसराच्या विकासासाठी शंभर कोटींहून अधिक खर्चाची योजना मंजूर केली. ही आस्था स्वागतार्ह आहे. पण या रकमेचा पहिला हक्क घाट, प्रवेशद्वारे आणि रोषणाई यांच्याआधी नदीच्या पाण्याचा आहे, असे मला ठामपणे वाटते. मैलापाणी आणि रासायनिक पाणी वळवून त्यावर प्रक्रिया झाली नाही, तर नव्या घाटांवर बसायलाही कोणी थांबणार नाही. भव्य नवे बांधकाम जुन्या मंदिराच्या शेजारी उभे राहिले, तर मंदिर लहान दिसू लागते, हाही धोका आहे. इथे कमी बांधणे आणि जास्त स्वच्छ करणे, हेच खरे संवर्धन.

मंदिराच्या निमित्ताने एक रास्त तक्रार नेहमी पुढे येते. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने हा नियम कडक झाला. शेजारच्या घरमालकांना आपले मोडके घर नव्याने बांधणेही जड जाते आणि वारसा त्यांना ओझे वाटू लागतो. ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय नियम उठवणे हा नाही, तर दुरुस्तीच्या परवानग्या वेळेत देणे आणि शेजाऱ्यांना वारशाचा लाभ मिळवून देणे हा आहे. भाविक आणि पर्यटक येणारच आहेत. त्यांच्यासाठीची उपाहारगृहे, माहिती केंद्रे, हस्तकलेची दुकाने याच जुन्या घरांत चालली, तर त्या घरांना दुरुस्तीचा पैसा मिळेल आणि मंदिराभोवतीचा गाव टिकेल. हा पुनर्वापराचा सर्वांत सोपा आणि स्वस्त प्रकार आहे.

वालधुनीच्या वरच्या अंगाला, काकोळे गावाजवळ, आणखी एक बोलके उदाहरण आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून तिथे तलाव बांधला. लोक त्याला आजही जीआयपी टँक म्हणतात. वाफेची इंजिने गेली, तेव्हा हा तलाव निरुपयोगी ठरवून त्याच्या जमिनीवर डोळा ठेवणे शक्य होते. तसे झाले नाही. आता त्याचेच पाणी शुद्ध करून रेल्वेच्या प्रवाशांसाठी 'रेल नीर'च्या बाटल्या भरल्या जातात. बांध तोच, तलाव तोच, मालकही रेल्वेच. तहान तेवढी इंजिनाची होती ती माणसाची झाली. पुनर्वापर यशस्वी का होतो ते इथे नीट दिसते. जुन्या रचनेची जी ताकद, पाणी साठवणे, तीच नव्या कामाला हवी होती. मूळ ताकद आणि नवे काम जुळले की जतनासाठी वेगळा खर्च मागावा लागत नाही, देखभाल रोजच्या कामाचाच भाग होते. त्याच अंबरनाथात काडेपेट्या बनवणाऱ्या विम्कोचा कारखाना बंद पडला. आज त्याचे नाव विम्को नाक्यावर उरले आहे. कारखान्याची एखादी शेड वाचनालय किंवा प्रशिक्षण केंद्र म्हणून राहिली असती, तर तीन पिढ्यांनी जिथे घाम गाळला ती जागा मुलांना दाखवता आली असती.

मग बराकी का गेल्या? त्यामागे लोभ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. निर्वासित कुटुंबांना पुनर्वसनाच्या कायद्यांखाली आपापल्या खोल्यांची मालकी मिळाली, सनदा मिळाल्या. कुटुंबे वाढली, मुलांची लग्ने झाली, धंदे वाढले. शहर जेमतेम तेरा चौरस किलोमीटरचे, त्यामुळे वाढायला दिशा एकच होती, ती म्हणजे वर. एका बराकीचे दहा-बारा मालक, प्रत्येकाने आपल्या वाट्यापुरते पाडले आणि आपल्या वाट्यापुरते चढवले. अरुंद पट्ट्यांवर उंच बांधकामे उभी राहिली, त्यांपैकी अनेक विनापरवाना. ती नियमित करण्यासाठी शासनाला केवळ उल्हासनगरसाठी वेगळा कायदा करावा लागला. या नव्या इमारतींचे पुढे काय झाले तेही शहराने सोसले. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि रहिवासी प्राणास मुकले. त्या इमारती काही दशकांच्याच होत्या. जुने ते धोकादायक आणि नवे ते सुरक्षित, ही समजूत उल्हासनगरात तरी टिकत नाही. इमारतीची सुरक्षितता तिच्या वयावर ठरत नाही. सामान, बांधणी आणि देखभाल यांवर ठरते. निगा राखलेली बैठी बराक ही निकृष्ट रेतीच्या चार मजल्यांपेक्षा केव्हाही भरवशाची.

इथे पहिला आक्षेप येतो. बराकीत पाहण्यासारखे काय आहे? ना कोरीवकाम, ना कमान, ना घुमट. घाईत बांधलेली, एकसारखी, साधी इमारत. हा आक्षेप सौंदर्याला वारशाचे एकमेव माप मानतो. मुंबईतली गिरण्यांची धुराडी आणि चाळींचे लाकडी सज्जे आज आपण जपण्याच्या गोष्टींत धरतो, ते त्यांच्या नक्षीसाठी नव्हे, त्यांच्यामुळे मुंबईच्या कामगाराचे जगणे समजते म्हणून. बराकीमुळे त्याहून मोठी गोष्ट समजते: घर, जमीन, भाषेचा मुलूख गमावलेली माणसे नव्या प्रांतात पाय कशी रोवतात. अमृतसरच्या जुन्या टाउन हॉलमध्ये २०१७ पासून फाळणीचे संग्रहालय चालते. दिल्लीत दारा शुकोहच्या ग्रंथालयाच्या इमारतीत २०२३ मध्ये दुसरे संग्रहालय उघडले. दोन्ही ठिकाणी जुन्या इमारतीलाच नवे काम दिले आहे. पण त्या इमारती फाळणीच्या साक्षीदार असल्या, तरी निर्वासितांची घरे नव्हत्या. उल्हासनगरची बराक स्वतःच पुरावा आहे. जिथे पडदे टांगले गेले त्याच दालनात उभे राहून तो इतिहास सांगता येतो, ही संधी देशात फार थोड्या शहरांना आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोकांना घरांची गरज असताना बैठ्या बराकी राखणे म्हणजे जागेची उधळपट्टी आहे आणि सनदधारकाच्या हक्कावर गदा आहे. मी या आक्षेपाचा पूर्वार्ध नाकारत नाही. कोणाच्याही राहत्या घरावर वारशाचा शिक्का मारून त्याला अडकवून ठेवू नये. सगळ्या बराकी राखाव्यात असे कोणी म्हणत नाही, ते शक्यही नाही. मागणी एवढीच आहे की पाच कॅम्पांत, प्रत्येकी किमान एक, जमल्यास सरकारी किंवा पालिकेच्या ताब्यातली बराक निवडावी आणि ती कायमची सार्वजनिक वापरात ठेवावी. जिथे खासगी मालक स्वखुशीने पुढे येईल तिथे त्याला मोबदला मिळावा. त्याची वाट कायद्यात आहे. मुंबईने १९९५ मध्ये वारसा इमारतींसाठी नियम केले आणि मालकाला न वापरलेल्या बांधकाम हक्काचा टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) मिळण्याची सोय झाली. २०२० च्या राज्यव्यापी एकत्रित विकास नियमावलीतही वारसा इमारतींच्या जतनाच्या तरतुदी आहेत. शहराच्या समूह पुनर्विकासाच्या योजना आखल्या जातील, तेव्हा या पाच जागा नकाशावर आधीच राखून ठेवल्या, तर एकाही कुटुंबाचे घर कमी होणार नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि टिकण्याचा आहे. संग्रहालय काढायचे, उद्घाटन करायचे आणि वर्षभरात कुलूप लावायचे, असे आपण पुष्कळ पाहिले आहे. म्हणूनच बराकीला केवळ संग्रहालय करू नये. तिचा आराखडाच उत्तर देतो. मधल्या मोठ्या दालनात अभ्यासिका आणि वाचनालय चालावे, संध्याकाळी तिथेच सभा, नाटकाच्या तालमी, सिंधी आणि मराठी कार्यक्रम व्हावेत. एका टोकाच्या खोलीत पालिकेचे नागरी सुविधा केंद्र असावे, म्हणजे रोजची वर्दळ राहील. दुसऱ्या टोकाच्या खोलीत छायाचित्रे, सनदा, रेशनकार्डे, जुनी यंत्रे यांचे कायमचे प्रदर्शन असावे. दुरुस्ती करताना छपराचा उतार, दालनाची लांबी, खिडक्यांची ओळ आणि भिंतीची जाडी राखावी. छपरावर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते आरोग्यासाठी काढून हलके छप्पर घालावे, पण उतार बदलू नये. गरजेइतकेच बदलावे आणि जे बदलले ते नवे आहे हे दिसू द्यावे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार आणि स्वच्छतागृह बाहेरच्या बाजूला जोडता येते. असे काम मोठ्या नव्या इमारतीपेक्षा कमी पैशांत होते, कारण पाया, भिंती आणि जागा आधीच आहेत. पाडून नवे बांधण्यात सिमेंट, पोलाद आणि राडारोड्याची जी उधळण होते तीही वाचते.

हे करायचे तर सुरुवात नोंदीपासून करावी लागेल आणि याबाबत बदलापूरने नव्वद वर्षांपूर्वीच वाट दाखवली आहे. ना. गो. चापेकर यांनी १९३३ मध्ये 'बदलापूर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या गावातली घरे, शेती, धंदे, जाती, चालीरीती यांची त्यांनी बारकाईने पाहणी केली. पुढच्याच वर्षी ते बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. लोकलच्या गर्दीने आणि टोलेजंग गृहसंकुलांनी गावाचे रूप पालटले, तरी १९३३ चे बदलापूर आपल्याला वाचता येते ते या एका माणसाच्या चिकाटीमुळे. उल्हासनगरच्या बराकींचा असा ग्रंथ व्हायला हवा. त्यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहू नये. तिन्ही शहरांतल्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी एक वर्ष ठरवून काम केले, तर उरलेली प्रत्येक बराक मोजता येईल, तिचे छायाचित्र घेता येईल, तिचा क्रमांक नकाशावर मांडता येईल आणि तिथे लहानाचे मोठे झालेल्या वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करता येतील. ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. इमारत थांबेल, माणसे थांबणार नाहीत.

या पट्ट्यातली ही तीन उदाहरणे एकच गोष्ट सांगतात. मंदिर टिकले, कारण त्याचे काम कधी थांबले नाही. जीआयपी तलाव टिकला, कारण त्याला त्याच्याच ताकदीचे नवे काम मिळाले. बराकींनी लाखभर माणसांना आयुष्य दिले आणि त्या कामाची पावती न मिळताच त्या नाहीशा होत आहेत. नदी स्वच्छ करणे शासनाचे काम आहे, पाच बराकी राखणे पालिकेचे. पण मागणी केल्याशिवाय यातले काहीच होत नाही आणि मागणी करण्याचे काम आपले आहे. आपल्या प्रभागात एखादी मूळ बराक अजून उभी असेल, तर तिचा क्रमांक, छायाचित्र आणि ती कोणाच्या ताब्यात आहे याची माहिती जोडून नगरसेवकाला आणि पालिका आयुक्तांना लेखी निवेदन द्यावे. शहराचा पुढचा विकास आराखडा बनेल तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातील. त्या मुदतीत हीच सूचना शेकडो नागरिकांनी नोंदवली, तर पाच बराकी वाचवणे अवघड नाही.